चौथं बटण

तुमच्या घरात टीव्ही चालू असतो तेव्हा उभं कोण असतं?

उत्तर देण्याची घाई करू नका. ‘आमच्याकडे सगळे एकत्र बसून बघतात’ हे वाक्य मला पाठ आहे. आमच्याही घरात ते पाहुण्यांसमोर मोठ्या अभिमानानं म्हटलं जायचं. म्हणणारे वडील खुर्चीत असायचे, भाऊ दिवाणावर लोळलेला असायचा, मी खाली भिंतीला टेकून पाय पसरलेले. आणि आई आत ओट्याशी उभी. ती आम्हाला दिसत नव्हती असं खोटं मी सांगणार नाही. दिसत होती. आम्ही तिला मोजत नव्हतो.

मोजत नव्हतो हे मी उगाच शब्द सापडला म्हणून लिहीत नाही. आमच्या हडपसरच्या दोन खोल्यांत दीड-दोन वर्षं मोजणीचं यंत्रच होतं. कोणता कार्यक्रम कोण बघतं ह्याची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीनं काही घरं निवडली होती, त्यात आमचं घर आलं. टीव्हीखाली एक डबी बसली आणि तिच्यासोबत एक वेगळा रिमोट मिळाला. त्यावर आकड्यांची बटणं. घरातल्या प्रत्येकाला एक आकडा. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, डबीवर आपला आकडा उजळायचा. उठताना पुन्हा दाबायचं, आकडा विझायचा. शेजारीपाजारी सांगायचं नाही, ही अट. आता ते मीटर काढून नेल्याला बरीच वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे. बसवायला आलेल्या माणसानं घरात कोण कोण आहे असं विचारलं आणि आम्ही ज्या क्रमानं त्याच्यासमोर बसलो होतो त्या क्रमानं आकडे वाटले. वडील एक, भाऊ दोन, मी तीन. आई त्याच्यासाठी पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा चार उरला होता, तो तिला मिळाला.

वडिलांना ते मीटर मनापासून आवडलं होतं. ते एका कारखान्यात फिटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच पत्रकांवर. शाळेतल्या पुस्तकातलं घर आणि गवत वाचायच्या आधी मला ‘कामगार बंधूंनो’ वाचता येत होतं. त्यांची सगळी उमेद एकाच लढ्यात गेली: कंत्राटी कामगारांची नावं मस्टरवर, म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर, चढवण्याच्या. ‘ज्याचं नाव मस्टरवर नाही तो मालकाच्या लेखी जन्मलाच नाही,’ हे ते जेवताना मीठ मागावं इतक्या सहज बोलायचे. असा माणूस मोजणीच्या यंत्राला नाही कसं म्हणेल? पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला बजावलं की नसताना बटण दाबायचं नाही, असताना चुकवायचं नाही.

लोकशाहीही त्यांनी घरात आणली होती. टीव्हीवर काय लावायचं ह्यावरून वाद झाला की ते मतदान घ्यायचे, हात वर करून. मॅच की सिनेमा, बातम्या की मालिका. संध्याकाळी आईचे हात कणकेत असायचे. वडील आत नजर टाकून जाहीर करायचे, “एक तटस्थ,” आणि आम्ही हसायचो. रोज हसायचो. एकच विनोद वर्षानुवर्षं चालतो ते घर सुखी असतं म्हणे.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि स्वतःची पत्रकं काढत होते. त्यातलं एक टीव्हीवरच्या मालिकांविरुद्ध होतं. मालिका ही बाईला झोपवण्याची गोळी आहे, ती बघणारी बाई स्वतःच्या बेडीला दागिना समजते, असं बरंच काही त्यात होतं. मंडईच्या दारात उभं राहून मी ते भाजी घ्यायला आलेल्या बायकांच्या पिशव्यांत कोंबलं होतं. त्या सगळ्या कागदांच्या घड्या आईनं घातल्या होत्या, रात्रीचे डबे गेल्यावर, खाली बसून. एक पत्रक तिनं पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “घडी सरळ येते आहे का बघ.”

डबे म्हणजे तिचा धंदा. खराडीच्या ऑफिसांत नोकरी करणारी पोरं खोल्या करून राहायची, त्यांना ती रात्रीचं जेवण पोचवायची. पावणेआठला रिक्षावाला डबे न्यायला यायचा. तिची मालिका होती सातला. तालुक्याच्या दवाखान्यात काम करणारी एक नर्स आणि तिची नोकरी सोडवायला बसलेलं सासर, अशी गोष्ट. चपात्या आणि मालिका एकाच अर्ध्या तासात. म्हणून आईनं शेगडी ओट्याच्या दाराकडच्या टोकाला सरकवून घेतली होती. तिथून टीव्ही दिसायचा, पण मध्ये फ्रिज यायचा, त्यामुळे पडद्याचा डावा अर्धाच. उजवीकडे उभी राहणारी माणसं तिला नुसती ऐकू यायची. सासूचा चेहरा तिनं कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा नीट पाहिला आणि म्हणाली, ही तर दिसायला गरीब आहे गं.

असा सगळा कारभार सुरळीत चालला असताना एका सोमवारी मीटरच्या तपासणीचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात छापील तक्ता, वागायला अति नम्र. अधूनमधून यायचा, डबी पुसायचा, तारा हलवून बघायचा, जायचा. त्या दिवशी मात्र तक्त्यावर बोट ठेवून घुटमळला आणि वडिलांना हलक्या आवाजात म्हणाला, “काका, त्या चार नंबरच्या सदस्य घरात असतात ना? म्हणजे, काही वाईट तर झालं नाही ना?”

वडिलांना कळेना. मग त्यानं समजावून सांगितलं. एक, दोन आणि तीन रोज उजळतात. चार मात्र मीटर बसवल्यापासून जवळजवळ उजळलेलाच नाही. सदस्य वारले असले, कायमचे गावी गेले असले, तर नाव कमी करावं लागतं. एक अर्ज असतो, त्यावर सही करायची.

आतून आईचा आवाज आला. “आहे अजून. चहा टाकू का?”

तो माणूस इतका ओशाळला की त्यानं नको असतानाही चहा घेतला. जाताना सांगून गेला की पुढच्या सोमवारी परत येतो. आठवडाभरात चार दिसला तर ठीक, नाहीतर नियमाप्रमाणे नाव काढावं लागेल. त्याचा कप आईनंच विसळला.

ह्यात कुणीही लबाडी केली नव्हती हे मला सगळ्यात जास्त लागलं. लबाडी असती तर भांडता आलं असतं. आम्ही तर नियम काटेकोर पाळला होता. नियम म्हणत होता, समोर बसलात की दाबा. आई बसत नव्हती. प्रामाणिक माणसांच्या एका घरानं, रोज, न चुकता, तिला मेलेली म्हणून नोंदवलं होतं.

त्याच दिवशी भावानं पेपरच्या पुरवणीतली एक बातमी वाचून दाखवली: ती नर्सची मालिका शनिवारी बंद होणार, प्रेक्षकांचा प्रतिसाद नाही म्हणून. त्यानं ते ‘आई, तुझं दुकान बंद’ अशा सुरात वाचलं. एका घरातल्या बटणानं मालिका बंद पडत नाही, एवढं मलाही कळतं. पण तसली मीटरं बसवलेल्या बाकीच्या घरांतही सातच्या सुमारास चपात्याच लाटल्या जात असणार ना? तिथंही चौथं बटण कोरं करकरीतच असणार. ज्या बायकांसाठी म्हणून ती मालिका काढली होती त्या बायका ती बघत होत्या. फक्त उभ्या राहून.

मी पेटले. माझ्यासारखीला पेटायला वेळ लागत नाही. आठवड्याच्या आत आईचा आकडा उजळला पाहिजे, असं मी जाहीर केलं. वडिलांनी मान डोलावली, अट घातली, खरोखर बसली तरच. भाऊ म्हणाला, बसू दे की, कोण अडवतंय.

मंगळवारी मी लाटणं हातात घेतलं. मी स्त्रियांच्या श्रमावर चार पानी लेख लिहिलेला होता आणि मला चपाती लाटता येत नव्हती. पहिल्या पाच-सहा चपात्या आईनं बाहेरच्या खोलीतून, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकून, वास घेत सहन केल्या. मग ती उठली. नर्सला बदलीचा कागद मिळाला होता त्या क्षणी उठली. मला म्हणाली, “पोरं पैसे देतात बाई, त्यांना हे कसं घालू?” तिनं बटण दाबायच्या आधीच तिचं बसणं संपलं होतं. मी पुन्हा बाहेर आले, टेकले, आणि तीन दाबलं.

बुधवारी क्रिकेट होतं. त्या आठवड्यात स्पर्धा चालू होती आणि सातला टॉस व्हायचा. भावाचं म्हणणं, टॉस बघितला नाही तर मॅच बघितली काय नि नाही काय. मतदान लागलं. मॅचला भाऊ आणि वडील. मालिकेला मी, जिनं मालिकांविरुद्ध पत्रक काढलं होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दारातून आणखी एक हात वर आला. पिठानं भरलेला, मुठीत लाटणं.

“आई, लाटणं खाली ठेव,” भाऊ म्हणाला, “ही दहशत झाली.”

सगळे हसले. मीही हसले, ते इथं कबूल करते. दोन विरुद्ध दोन. वडिलांनी सांगितलं की समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं, आणि अध्यक्ष म्हणून ते त्यांनी मॅचला दिलं. आईनं हात खाली घेतला आणि तव्यावरची चपाती उलटली. टॉस आपण हरलो. भाऊ आठ वाजेपर्यंत त्याचं सुतक पाळत बसला होता.

गुरुवारी मॅच नव्हती. मालिका लागली, आई आत लाटत होती, आणि मी सरळ रिमोट उचलून चार दाबलं. डबीवर आकडा उजळला. मला वाटलं होतं तसं काही मोठं वाटलं नाही. दिवा तो दिवा.

वडिलांच्या लगेच लक्षात आलं. “चार कुणी दाबलं?”

“मी.”

“ती कुठं बसली आहे?”

“बसली नाही. बघते आहे.”

त्यांनी हात लांब करून चार बंद केलं. कारखान्यात मी खोटी हजेरी चालू दिली नाही, ते म्हणाले, घरातही चालणार नाही. काम करता करता कानावर पडतं त्याला बघणं म्हणत नाहीत. मी म्हणाले, आईला विचारा त्या नर्सच्या नणंदेचं नाव, मग स्वतःला विचारा. ते म्हणाले, नावं पाठ असणं हा पुरावा नव्हे. मग मी जरा गोड आवाजात विचारलं, “बाबा, काल मॅचच्या वेळी तुम्ही घोरत होतात. तेव्हा एक उजळलेला होता की विझलेला?”

भाऊ फिस्सकन हसला. वडील शांतपणे म्हणाले, “मी बसलेलो होतो.”

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. त्यांना ते पटलेलं होतं. बसलेला पुरुष झोपला तरी प्रेक्षक. उभी बाई डोळे ताणून बघत असली तरी कामवाली. मग मी जे बोलायचं नव्हतं ते बोलले. म्हणाले, तुमचा मालक दुसरं काय म्हणायचा? झाडलोट करणाऱ्या कंत्राटी बाया कारखान्यात असतात पण कामावर नसतात, असंच ना? त्यांची नावं चढावीत म्हणून तुम्ही गेटवर बसलात, पत्रकं छापलीत. आणि घरातल्या मस्टरवरून बाईला खोडताना तुमचा हात थरथरत नाही. बाबा, ह्या घरात मालक तुम्ही आहात.

ते उठले, आपलं बटण रीतसर दाबून एक विझवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. वाक्य बरोबर लागलं होतं. जिंकल्यावर जिभेवर एक चव येते, पत्रकं लिहिणाऱ्या सगळ्यांना ती ठाऊक असते, ती मला आली. त्या चवीत मला टीव्हीवर जाहिराती लागल्याचं कळलंच नाही. मालिकेचा त्या दिवसाचा भाग केव्हाच संपून गेला होता.

शुक्रवारी दुपारी आई फोन घेऊन बसली. डब्याच्या एकेका पोराला तिनं स्वतः फोन केला. उद्या डबा साडेसहाला निघेल, तिनं सांगितलं, चपात्या गार मिळतील, चालत नसेल तर उद्या बाहेर खा. कारण दिलं नाही. रिक्षावाल्यालाही वेळ बदलून दिली. इतकी वर्षं आजारपणातसुद्धा तिनं डब्याची वेळ बदलली नव्हती. संध्याकाळी मॅच चालू असताना तिनं जेवणं वाढली आणि ताटं मांडता मांडता म्हणाली, “काल तुमच्या कालव्यात ती नर्स काय बोलली ते मला ऐकूच आलं नाही. उद्या शेवटचा भाग आहे. सात ते साडेसात मला कुणी हाक मारायची नाही.”

मी म्हणाले, हो आई, आणि उद्या चार पण उजळेल.

“बटण दाबा, नका दाबू, मला त्याचं घेणंदेणं नाही,” ती म्हणाली. “मोजायचं काय ते तुम्ही बघा. मला ते शेवटचं बघायचं आहे.”

ह्याहून स्पष्ट मागणी मी आजवर कुठल्या पत्रकात वाचलेली नाही. चार माणसांच्या घरात ती एका माणसालाही नीट कळली नाही. मला तर सगळ्यात कमी.

शनिवारी ती तीनलाच कणीक मळायला लागली. साडेसहाला डबे गेले. तिनं तोंड धुतलं, केस विंचरले, आणि सातला काही मिनिटं असताना बाहेरच्या खोलीत आली. बाहेर भावाचे तीन मित्र होते. त्या दिवशी उपांत्य सामना होता आणि त्यांना बोलावून आठवडा झाला होता. भाऊ म्हणाला, लक्षात नाही राहिलं. खोटं नव्हतं ते. खरंच राहिलं नव्हतं. दिवाणावर तिघं, वडील खुर्चीत, भाऊ आणि मी खाली. टीव्हीवर टॉसची तयारी.

“काकू, बसा ना,” एक मित्र म्हणाला आणि दिवाणावर इंचभर सरकला. “असू दे, बसा तुम्ही,” आई म्हणाली आणि फ्रिजला टेकून उभी राहिली.

मी उठले. त्या क्षणी मला एवढंच करायचं होतं: रिमोट उचलायचा आणि मालिका लावायची. त्याऐवजी मी बोलायला लागले. आधी भावाला बोलले. तो म्हणाला, दहा मिनिटं थांब, टॉस झाला की लावतो. मी म्हणाले, दहा मिनिटं तुझ्या बापाची नाहीत. वडील म्हणाले, मतदान घेऊ, पाहुण्यांना मत नाही. मी म्हणाले, तुमचं मतदान म्हणजे शुद्ध फसवणूक आहे, ज्या बाईचे हात कामात अडकवून ठेवलेत तिला तटस्थ म्हणता. भाऊ भडकला. “तूच काढलंस ना पत्रक? मालिका बघणाऱ्या बायका झोपलेल्या असतात म्हणून? घड्या हिनंच घातल्या की तुझ्या!” मग मी त्या पत्रकाचा खरा अर्थ समजावून सांगितला. नीट, मुद्देसूद. मित्र आपल्या पायांकडे बघत होते. त्या संध्याकाळचं माझं प्रत्येक वाक्य मला आठवतं. चांगली वाक्यं होती. त्यातली दोन मी पुढं छापूनही आणली, ह्याची मला आता लाज वाटते.

“विचारा तिला,” असं म्हणून मी फ्रिजकडे हात केला. तिथं कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि दारातल्या तिच्या चपला नव्हत्या.

मी जिना उतरून खाली गेले. खालच्या मजल्यावर एक काकू एकट्याच राहायच्या. त्यांच्या घराचा दरवाजा लोटलेला होता, खिडकी उघडी. आत पलंगावर आई बसली होती, पाय वर घेऊन, पाठीशी उशी. काकू तिच्या शेजारी. समोर संपूर्ण टीव्ही, डावा आणि उजवा. मी खिडकीशी गेले तशी आईनं मान वळवली नाही. काकूंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी आयुष्यात मोर्चात बोलले आहे, पोलिसांसमोर बोलले आहे. मला गप्प बस असं तोवर कुणी इतक्या योग्य कारणासाठी सांगितलं नव्हतं. मी वर आले. मित्र निघून गेले होते. भाऊ मॅच बघत होता, वडील मॅच बघत होते, एक आणि दोन उजळलेले. तीनही उजळलेलाच होता. जिना उतरताना मी माझं बटण बंद करायला विसरले होते, आणि मी घरात नसतानाही कंपनीच्या लेखी मी टीव्ही बघत होते.

साडेसातला आई आली आणि तिनं ताटं घेतली. मी तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, काय झालं शेवटी? गेली का नर्स बदलीवर?

“तुला काय करायचं आहे?” ती म्हणाली. “झोपलेल्या बायकांच्या गोष्टी त्या.”

तिनं मला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. मी दुसरीकडे शोधून काढू शकले असते, पण तो हक्क मला नाही असं मला वाटतं.

रविवारी दुपारी घरात जी शांतता होती तिला वडिलांनी एक जुना सिनेमा लावून उत्तर दिलं. कामगार, गिरणी, गाडीतून येणारा शेठ, तसला सिनेमा. एरवी ते अशा सिनेमात मोठ्यानं दाद देतात. त्या दिवशी गप्प होते. आई खाली बसून मेथी निवडत होती. ती बसलेली होती, टीव्ही समोर होता, नियमात अगदी बसत होतं. वडिलांनी मीटरचा रिमोट हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, “अगं, चार दाबू का?”

“नको,” आई म्हणाली. “मी मेथी निवडते आहे. खोटी हजेरी नको.”

वडिलांनी रिमोट जागेवर ठेवला. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मला त्यांची दया आली नव्हती. त्यांच्या जागी मीच दिसत होते.

सोमवारी मीटरचा माणूस आला. तक्ता बघितला, घसा खाकरला. वडील काही बोलणार तोच आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, आणा तो अर्ज, मीच करते सही. त्यावर नाव कमी करण्याची कारणं छापलेली होती: निधन, विवाह, स्थलांतर, इतर. तिनं ‘इतर’वर खूण केली. त्यानं विचारलं, काकू, इतर म्हणजे काय लिहू? “लिहा, उभी असते,” ती म्हणाली. तो कसनुसं हसला आणि रकाना मोकळा सोडला. आईनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. मग ती आत गेली, कारण पावणेआठचे डबे होते.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता ज्याच्या त्याच्या हातात फोन असतो. असतो ना. तुमच्या घरातला तिचा फोन आत्ता तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेला आहे आणि ती त्याच्यासमोर उभी आहे. फोडणीचे थेंब पडद्यावर उडतात, ती पदरानं पुसते आणि एक डोळा तव्यावर ठेवते. हे तुम्हाला माहीत आहे. हे वाचताना तुम्ही बहुधा बसलेले आहात.

तुम्ही हळहळावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. एक काम सांगते, ते आजच करा. तिचा कार्यक्रम लागायच्या अर्धा तास आधी आत जा आणि उरलेला स्वयंपाक तिच्या हातातून काढून घ्या. तिला बसायला सांगू नका. ती नको म्हणेल, तरी वाद घालू नका. माझ्यासारखं भाषण तर मुळीच करू नका. चपात्या वाकड्या झाल्या तर त्याच खा. आणि तिचा कार्यक्रम संपेपर्यंत, कृपा करून, तोंड बंद ठेवा.